बांधावरची मिरची व घरचा ठेचा

आम्हीं महसुली नोकरींत असतां अनेक वर्षें पीकपाहणीचे कागद लिहिले. कपाशीचें क्षेत्र गुंठ्यागुंठ्यानें नोंदलें जाई. ज्वारी, उडीद, मूग यांचेंही स्थान ठरलेलें असे. पण विहिरीच्या पाटाकडेला उभीं असलेलीं मिरचीचीं दहा-बारा झाडें व टमाट्याचे दोन वाफे यांस त्या रकान्यांत कधीं जागा मिळाली नाहीं. तेव्हां त्याचें कांहीं वाटलें नाहीं. आतां निवृत्त होऊन धरणगांवीं घरीं बसल्यावर दिसूं लागलें आहे कीं, जें कागदावर नव्हतें तें हळूहळू शेतांतूनही गेलें. वीस एकर कपाशी लावणारा कास्तकार आठवड्याच्या बाजारांत पावभर हिरवी मिरची तोलून घेतो, आणि मुलांसाठीं टमाट्याच्या सॉसची बाटलीही घेतो. आमच्या मतें ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

कोणी म्हणेल, बाजारांत स्वस्त मिळतें तर खटपट कशाला? इ. स. २०२३ च्या जुलैंत टमाटे अनेक शहरांत शंभर रुपये किलोच्या वर गेले, आणि थोड्याच आठवड्यांत भाव असा कोसळला कीं शेतकऱ्यांनीं माल रस्त्यावर ओतला. विकणाराही शेतकरी व घेणाराही शेतकरी, आणि दोघेही रडले. घरच्या वाफ्यास ह्या भावाशीं कर्तव्य नसतें.

मौज अशी कीं, मिरची व टमाटा हीं दोन्हीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. तत्पूर्वीं आपलें तिखट मिऱ्यांचें होतें. मेक्सिको देशांतील लोक टमाटे व मिरच्या भाजून तीन पायांच्या दगडी खलांत वाटतात व त्यास साल्सा म्हणतात. तो खलही आपल्या पाट्यासारखा काळ्या ज्वालामुखी पाषाणाचाच. कोथिंबीर मात्र तिकडे ह्या जुन्या जगांतून गेली, म्हणजे देवघेव बरोबरीची झाली! साल्सा व सॉस हे शब्दही एकाच लॅटिन मुळाचे, अर्थ ‘खारवलेलें’. फरक इतकाच कीं एक आज वाटलेलें असतें व दुसरें कधीं शिजवलें तें बाटलीच जाणे.

आमच्या घरीं भरिताचीं वांगीं भाजून झालीं कीं पऱ्हाट्यांच्या त्याच निखाऱ्यावर झाडावर पिकलेले पांच-सहा टमाटे व आठ हिरव्या मिरच्या ठेवतात. साल करपून फुटली कीं ती सोलावी. लसणीच्या दहा पाकळ्या, मीठ व भाजलेले मूठभर शेंगदाणे प्रथम वाटावे, मग मिरची, आणि टमाटा सर्वांत शेवटीं केवळ ठेंचावा. फार वाटल्यास त्याचें पाणी होतें. वरून कच्चा कांदा व कोथिंबीर. तिखट सोसत नसेल त्यानें मिरचीच्या आंतली पांढरी शीर काढावी, कारण जाळ मुख्यतः तिच्यांत असतो, बियांत नव्हे. तोंड पोळल्यास पाणी पिऊन उपयोग नाहीं. दहीं किंवा दूध घ्यावें. कळण्याच्या भाकरीबरोबर हा ठेचा असतां दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाहीं. तो कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ठेवूं नये, व त्याच दिवशीं संपवावा.

लागवडीविषयीं थोडेंच सांगतों. नवरात्राच्या सुमारास गादीवाफ्यावर बीं टाकावें. टमाट्याचें रोप चार आठवड्यांत व मिरचीचें सहा आठवड्यांत लावणीस येतें. उशीर केल्यास पुढें आमच्याकडील उन्हानें टमाट्याचा फुलोरा गळतो. वांगें हें ह्या दोघांचें भाऊबंदच असल्यानें ज्या वाफ्यांत गेल्या वर्षीं वांगीं होतीं तेथें हीं लावूं नयेत.

पहिल्या वर्षीं आमची फजिती झाली. मिरचीवर चुरडा-मुरडा पडला व टमाट्याचीं पानें चितकबरीं झालीं. चुरड्याचा दोष किडीचा. पण टमाट्याचा रोग, पुढें कळलें, बहुधा आमच्याच हातांनीं पसरला. तंबाखू मळून तेच हात आम्ही झाडांस लावीत होतों, आणि तंबाखूंतील रोगाचें विष टमाटा व मिरची ह्या दोहोंस बाधतें. आतां वाफ्यांत शिरण्यापूर्वीं साबणानें हात धुतों. घरांतील मंडळी म्हणतात, तंबाखूच सोडा. त्याचा विचार चालूं आहे. तोंवर वरवंटा सूनबाईंच्या ताब्यांत असून आमच्याकडे मिरच्यांचे देंठ काढण्याचें काम आहे.