हाताला जात नसते

चित्रकला रक्तातच असावी लागते म्हणे. कुणाच्या रक्तात? जन्मावरून लायकी ठरवणारी ही जुनीच बोली. आता कलेचा सदरा घालून आलीय, एवढंच.

बारामती-इंदापूरच्या पोरापोरींनो, तुम्हाला मंगा काढायचीय. जपानी चित्रकथा. काढा. कुणाच्या बापाची परवानगी नको. पण मोबाइलवरचे टपोरे डोळे न् उभे केस गिरवून चित्रकार होता येत नाही. त्याच चेहऱ्याची मान वळवायला सांगितली की हात थांबतो. कवटी कशी फिरते तेच माहीत नसतं.

पाया शिका. एलिमेंट्री-इंटरमिजिएट म्हणजे दहावीचे वाढीव मार्क नव्हेत. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं. डोकं वळलं की डोळ्यांची रेघ तशाच लंबगोलावरून वळते. स्मरणचित्र म्हणजे समोर नसलेली माणसं उभी करणं. चित्रकथा दुसरं काय करते?

शिकवणारं सगळं दारातच आहे. बारामतीचे रूळ लांबवर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. झालं यथार्थदर्शन. भिगवणला उजनीच्या पाण्यातला रोहित पक्षी अर्ध्या मिनिटात काढा. पिसं नकोत, नुसती अंगाची लय. डोक्यावर मोळी घेतलेली ऊसतोडीवरची बाई बघा. सगळा भार ज्या पायावर, त्याच्या सरळ वर मान येते. हा ओळंबा चुकला की बाई कागदावरच कोसळते.

१९६४ साली जपानात 'गारो' मासिकात शिराटो सानपेईनं 'कामुई-देन' सुरू केली. तिचा कामुई 'हिनिन' जमातीत जन्मलेला. हिनिन म्हणजे माणूस नसलेला! तिथल्या बंडखोर विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. राग होताच, पण त्या रागाला हाडं होती, स्नायू होते.

कुणी म्हणेल, नियम मोडणं हेच बंड. मग २०११ सालचं 'भीमायन' बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य काढलं, ठोकळेबाज चौकटी झुगारून. पण दुर्गाबाईंचा हात लहानपणापासून भिंतीवर दिग्ना काढून तयार झालेला. पाया त्यांचाही होता. त्यांचा स्वतःचा.

तर एक वही, एक पेन्सिल, रोज एक तास. घराणं नको, आशीर्वाद नको. आपली माणसं आजवर दुसऱ्यांनीच काढली, वाकलेली, केविलवाणी. ती ताठ उभी करायचीत ना? मग आधी पाठीचा कणा काढायला शिका.