व्ही. पी. सिंगांचे ऋण बुडवणारा महाराष्ट्र

27 नोव्हेंबर 2008 रोजी दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग वारले. त्या घटकेला मुंबईत दहशतवादी हल्ल्याने ताज धुमसत होते, नरिमन हाऊसमध्ये माणसे ओलीस होती. माजी पंतप्रधान गेल्याची बातमी कोपऱ्यात पडली, यात त्या दिवसाचा दोष नाही. पण पुढच्या साऱ्या वर्षांचे काय? त्यांना कोणते निमित्त आहे?

जून-जुलैत कोणत्याही तहसील कचेरीबाहेर उभे राहा. प्लास्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांचा जुना उतारा जपत माळी, तेली, कुंभार, न्हावी समाजाची पोरे नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असतात. केंद्राच्या नोकरीतले 27 टक्के आरक्षणाचे दार 7 ऑगस्ट 1990 रोजी कोणी उघडले, असे त्यांना विचारा. उत्तर येणार नाही. दोष पोरांचा नाही. ओबीसींच्या नावाने मेळावे भरवणाऱ्या आणि निवडून येणाऱ्या पुढाऱ्यांनी त्यांना ते कधी सांगितलेच नाही!

हे आरक्षण सुचवणारा मंडल आयोगाचा अहवाल 1980 पासून दहा वर्षे धूळ खात होता. सिंगांनी तो उचलला आणि पंतप्रधान झाल्यापासून अकरा महिन्यांत खुर्ची घालवली. मांडाचा हा राजा, जन्माने ठाकूर. स्वतःच्या जातवाल्यांनी त्यांना घरभेदी ठरवले. तेव्हा मंडलच्या विरोधात रस्त्यावर पेटवून घेतलेल्या तरुणांचे दुःख आम्हालाही आहे. म्हणून शतकांचा अन्याय न्याय ठरत नाही.

आणि महाराष्ट्राला तर विसरण्याचा अधिकारच नाही. बाबासाहेबांना भारतरत्न 1990 साली मिळाले, ते सिंगांच्या सरकारने दिले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले तेही त्याच साली. 1956 ला दीक्षा घेतलेल्या बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले होते. धर्म बदलला म्हणून 34 वर्षे शिक्षा! सिंग सरकारची 1990 ची दुरुस्ती आली तेव्हा ती संपली. विदर्भ-मराठवाड्यातल्या किती घरांत त्यानंतर केंद्राच्या नोकरीची पहिली ऑर्डर आली असेल?

सत्ता गेल्यावर हा माणूस घरी बसला नाही. मुंबई दंगलीत जळाली तेव्हा त्यांनी इथे येऊन उपोषण केले, पाणीही सोडले. मूत्रपिंडांनी दगा दिला तो तिथपासून. 1996 साली आघाडीचे नेते पंतप्रधानपद घेऊन दारात आले, तर ते त्यांना भेटलेच नाहीत. पुढे कर्करोग, डायलिसिस. सुई टोचून तासन्‌तास यंत्राला जखडलेला हा देह उठून दिल्लीच्या झोपडपट्ट्यांत बुलडोझरसमोर उभा राहत होता, दादरीच्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी भांडत होता. उरलेल्या वेळात चित्रे काढी, कविता लिही. निवृत्त पंतप्रधानाने कसे जगावे, याचा याहून उजळ दाखला आम्हाला ठाऊक नाही.

2023 साली चेन्नईत त्यांचा पुतळा उभा राहिला. तमिळनाडूने ऋण मानले. 2024 साली पाच जणांना भारतरत्न जाहीर झाले, त्यांत सिंग नव्हते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रातून किती आवाज उठले? फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय भाषण न सुरू करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

ओबीसी आणि बौद्ध संघटनांना आमचे सांगणे आहे: 7 ऑगस्टला गावोगाव या माणसाचा फोटो लावा, आणि दाखल्याच्या रांगेतल्या पोरांना त्याचे नाव सांगा. सरकारने ते पाठ्यपुस्तकात घालावे. येत्या वर्षीच घालावे.