मुन्शीचाचांची वही

आमच्या मोहल्ल्यातल्या मशीद ट्रस्टचा हिशेब मुन्शीचाचा तीस वर्षे वहीत लिहीत आले. उर्दू आकडे, मजकूर उजवीकडून डावीकडे. जकात एका वहीत, फित्रा दुसऱ्या, गाळ्यांचे भाडे तिसऱ्या. जकातीचा पैसा चुकूनही मशिदीच्या रंगरंगोटीला लागू नये म्हणून. मग कमिटीने संगणक आणला. पोरांनी एका दुपारी भराभर सगळे दाखवले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून चाचांची तब्येत बिघडू लागली.

आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाले, "सर, एक सिफर ज़्यादा पड़ गया तो अल्लाह को जवाब कौन देगा?"

भीती यंत्राची नव्हती, अमानतीची होती. पोरांनी तिला अडाणीपणा ठरवले होते.

संगणक नको असे आमचे म्हणणे नाही. ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि नोंदीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा कागद शोधता शोधता कित्येक ट्रस्टींच्या तोंडचे पाणी पळाले. आमच्याकडेही जुना वक्फनामा निघाला, तोही शिकस्ता लिपीत. स्कॅन करणाऱ्या पोरांना एक ओळ लागेना. चतुःसीमा वाचून दाखवल्या त्या चाचांनीच!

त्यानंतर शिकवायचे आम्ही अंगावर घेतले. आठवड्यातून दोन दिवस, मगरिबनंतर. पहिल्या दिवशी फक्त चुकीचा आकडा पुसायचा कसा, एवढेच. (पहिलीच्या मुलाला पेन्सिलीबरोबर खोडरबर देतोच ना आपण?) रक्कम टाकली की मोठ्याने वाचायची, मग पुढची. वही बंद केली नाही. तीन महिने दोन्हीकडे लिहिले आणि महिनाअखेर बेरजा ताडून पाहिल्या. दुसऱ्या महिन्यात फरक आला चाळीस रुपयांचा. चूक वहीत सापडली. चाचा खूप दिवसांनी हसले.

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर लगेच जकातीचे काम पाहणारे येतात. आयत कमिटीतल्या सगळ्यांना पाठ आहे. तरी संगणकाचे पैसे एका बैठकीत मंजूर झाले आणि चाचांच्या पगारवाढीचा विषय तीन बैठका पुढे ढकलला गेला. येत्या जुम्म्यानंतर आम्ही तो पुन्हा काढणार आहोत.