लॅपटॉप हवा, पण पेन चालणारा!

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या फीबरोबर घरात आणखी एक खर्च उभा राहतो. मुलगी म्हणते, "बाबा, लॅपटॉप लागेल." मग बाप हप्त्यांचा हिशेब मांडतो आणि आई भिशीचा नंबर कधी लागेल ते पाहते.

पालकहो, इतका पैसा एकदाच घालायचा, तर ती वस्तू वहीचेही काम करणारी नको का? गणिताची सूत्रे, रसायनशास्त्राची समीकरणे, डिप्लोमाच्या आकृत्या कीबोर्डवर काढून पाहा, म्हणजे कळेल. तेथे हातच लागतो.

स्क्रीन फिरवून पाटी करायची व तिच्यावर पेनाने लिहायचे, ही कल्पना जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये 'टॅब्लेट पीसी' बाजारात आणला. २००५ च्या थिंकपॅड एक्स ४१ टॅब्लेटमध्ये तर पेन ठेवायला अंगातच खाच होती. स्क्रीनमागे तारांची बारीक जाळी असे, तिच्यातूनच पेनाला शक्ती मिळे. सेल नको, चार्जिंग नको.

पुढे स्क्रीन सुरेख झाली, यंत्र हलके झाले. पेन मात्र खोक्याबाहेर गेले! २०१७ च्या सरफेस प्रो बरोबर पेन मिळेनासे झाले, ते वेगळे विकत घ्यायचे. कीबोर्ड तर आधीपासूनच वेगळा. नांगर घ्यावा आणि फाळाचे पैसे निराळे मोजावेत, तशातली ही गत. खाच असलेली यंत्रे आजही निघतात, पण ती बहुधा महागड्या वर्गातली.

आमची मागणी मोठी नाही. पेन यंत्राबरोबरच मिळावे व त्याच्याच अंगात राहावे. पाटी केल्यावर वजन किलोच्या आत असावे. दीड किलोची पाटी हातात धरून तासभर कोण लिहील? बिजागरी गावातल्या कारागिराला बदलता यावी. आणि मराठीत लिहिलेले नीट वाचले जावे. आपण अक्षरे आधी लिहितो व शिरोरेघ मागाहून ओढतो, एवढे तरी यंत्राला उमगावे.

तोवर दुकानात जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. बोटाने चालणारी प्रत्येक स्क्रीन पेनाची नसते. रबरी टोकाची स्वस्त कांडी म्हणजे नुसते खोटे बोट. हात टेकला की तिथेही रेघ उमटते. म्हणून मुलीलाच तळवा टेकवून चार ओळी लिहायला सांगा. एक तिरपी रेघ सावकाश ओढायला लावा. ती नागमोडी आली तर यंत्र खाली ठेवा. जुना घेत असाल तर बिजागरी दहादा उघडून-मिटून पाहा व त्याला कोणते पेन लागते ते कागदावर लिहून घ्या. एका प्रकारचे पेन दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनवर चालत नाही.