नदीकाठची वाट आणि परतीचे अंतर

‘डॉक्टर, चालायचे खरे, पण कुठे?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो आणि तो रास्त आहे. उखडलेले पदपथ, त्यांवर उभ्या केलेल्या दुचाक्या आणि मागून येणारे कर्णे यांमुळे साठी ओलांडलेल्या माणसाला चालणे हे व्यायामापेक्षा संकटच वाटते. त्या दृष्टीने अहमदाबादेतील साबरमतीचा काठ पाहण्याजोगा आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर, पाण्यालगत, सुमारे ११ किलोमीटर लांबीची फरसबंद वाट २०१२ पासून लोकांसाठी खुली झाली. १८९२ च्या जुन्या एलिस पुलाखालून जाणारी ही वाट पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठीच आहे. पुण्यातही मुळा-मुठेच्या काठी अशा मार्गाचे काम हाती घेतलेले आहे.

अशा वाटेचा एक गुण मात्र ध्यानात घेतला पाहिजे. बागेत आपण गोल फेऱ्या मारतो. थकवा आला तर फाटक जवळच असते. नदीकाठची वाट सरळ जाते. दम लागल्याचे जाणवते तेव्हा जितके आलो तितकेच परत जायचे असते आणि शेवटी पायऱ्या किंवा चढण चढून रस्त्यावर यायचे असते. त्यात वारा पाठीशी असेल तर जाताना सायकल हलकी वाटते. परतताना तोच वारा छातीवर येतो. म्हणून येथे व्यायामाचे माप अंतराने नव्हे, घड्याळाने घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. १५ मिनिटे पुढे, १५ मिनिटे मागे, असे पाच दिवस केले की तो हिशेब पुरा होतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत गती मध्यम समजावी. सवय नसलेल्यांनी प्रथम पाच मिनिटे जाऊन परतावे आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी.

गुडघे दुखणाऱ्यांना सायकल पुष्कळदा मानवते, कारण शरीराचा भार बैठकीवर येतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठक उंच असावी. वृद्ध व मुले दिसताच वेग कमी करून घंटी वाजवावी. उतारवयात एका धक्क्याने मांडीचे हाड मोडले, तर पुन्हा स्वतंत्रपणे चालता येईलच असे नसते.

उन्हाचा विचारही हवा. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा आखला. काँक्रीट दिवसभराची उष्णता साठवते आणि सूर्यास्तानंतरही सोडत राहते. नदीवरच्या वाऱ्याने घाम चटकन वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात सकाळीच निघावे आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी.

मधुमेहाच्या रुग्णांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, तर तेथेच बसून ते खावे. पादत्राणे जाड व मऊ तळव्याची असावीत आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. चालताना छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटले, ती वेदना हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम सुटला, तर ‘गाडीपर्यंत जाऊ, मग पाहू’ असा विचार मुळीच करू नये. ते परतीचे पाऊल आधीच रक्त कमी पडलेल्या हृदयावर नवा भार टाकते. जागीच बसावे, शेजारच्या माणसाला हाक मारावी आणि १०८ वर दूरध्वनी करून जवळच्या पुलाचे नाव सांगावे. त्यासाठी येता-जाता पुलांची नावे पाठ करून ठेवावीत. नातवंडे सोबत असतील तर त्यांनाही शिकवावीत.