मेलेल्यांच्या गावी दोन मुले

(तृतीय वर्ष कला)

बालकुमार वाङ्मय म्हणजे धाकट्या भावंडांसाठी डब्यात ठेवलेला खाऊ, अशी आपल्याकडे समजूत आहे. महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याने त्याकडे वळू नये आणि प्राध्यापकांनी तर वर्गात त्याचे नावही काढू नये, असा अलिखित संकेत आहे. त्यातून ते पुस्तक विज्ञानातील कल्पनांवर उभे असेल, तर ते ‘साहित्य’ की नुसती ‘गंमत’, हा वाद ठरलेलाच! आणि त्यात भर म्हणून ते मृत्यूनंतरच्या जगाविषयी असेल, तर ‘पोरांच्या हाती हे अभद्र कशाला?’ असे म्हणायला घरची मंडळीही पुढे येतात. हे तिन्ही ‘दोष’ एकाच ठिकाणी असलेली एक इंग्रजी कादंबरी आहे. तिचे वकीलपत्र घेऊन आज मी आपणासमोर उभा आहे.

कादंबरीचे नाव ‘द अँबर स्पायग्लास’. लेखक फिलिप पुलमन. १९४६ साली नॉर्विच येथे जन्मलेला हा गृहस्थ ऑक्सफर्डमधील शाळांतून मुलांना शिकवीत असे. ‘हिज डार्क मटीरिअल्स’ या त्याच्या कादंबरीत्रयीचे पहिले पुस्तक १९९५ साली, दुसरे १९९७ साली आणि हे तिसरे २००० साली प्रसिद्ध झाले. त्रयीचे नाव त्याने मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधून उचलले आहे. या तिसऱ्या पुस्तकाला २००१ सालचे ‘व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर’ हे पारितोषिक मिळाले. मोठ्यांच्या पुस्तकांशी स्पर्धा करून हा मान मिळविणारे मुलांचे ते पहिलेच पुस्तक! तेव्हा ‘हे काय साहित्य आहे?’ या प्रश्नाचा निकाल निदान इंग्रजांपुरता तरी लागलेला आहे.

कथा थोडक्यात सांगतो. लायरा ही बारा वर्षांची मुलगी. तिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा ‘डीमन’ या प्राणिरूपात त्याच्या सोबत वावरतो. तिचा जिवलग मित्र रॉजर हा कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा मुलगा. नकळत लायराच त्याला मृत्यूच्या दारात नेऊन सोडते. तो स्वप्नात येऊ लागतो आणि ही पोर ठरवते की, मेलेल्यांच्या जगात जाऊन त्याची क्षमा मागायची. तिच्याबरोबर जातो विल. तो आपल्या जगातला मुलगा आहे. एका जगातून दुसऱ्या जगात खिडकी कापणारा सुरा त्याच्यापाशी आहे आणि त्याला आपल्या वडिलांना भेटायचे आहे. कारण बाप-लेकांची ओळख पटली त्याच क्षणी वडील मारले गेले होते.

मेलेल्यांचे हे गाव पुलमनने मोठ्या बारकाईने उभे केले आहे. तिथे ज्वाळा नाहीत, उकळते तेल नाही, अप्सराही नाहीत. आहे ते एक करडे, धूसर मैदान. साधू आणि खुनी, राजा आणि भिकारी सगळे तिथेच उभे. कोणाला कशाची शिक्षा नाही आणि कशाची आशाही नाही. सरोवराच्या अलीकडे एक झोपडवस्ती लागते. तिथे माणसे आपापल्या ‘मरणा’ला शेजारी बसवून वाट पाहत असतात. प्रत्येकाचे मरण त्याच्याबरोबरच जन्माला येते आणि आयुष्यभर गुपचूप मागे चालते, ही कल्पना वाचताना अंगावर काटा येतो. पुढे नावाडी भेटतो. आपली वैतरणी काय नि ग्रीकांची नदी काय, नाव लागतेच! पण हा नावाडी पैसे मागत नाही. डीमनला काठावर सोडल्याशिवाय तो नावेत घेत नाही. लायराने आपल्या पँटालायमनला मागे टाकून नावेत पाऊल ठेवण्याचा तो प्रसंग ज्याच्या मनाला चटका लावणार नाही, त्याच्या रसिकतेविषयी मला शंका येईल.

पलीकडे हार्पी नावाच्या क्रूर पक्षिणी पहारा करतात. प्रत्येक मेलेल्याच्या कानात त्याची पापे, त्याचे भ्याडपण ओरडत राहणे हा त्यांचा उद्योग. लायरा थापा मारण्यात पटाईत. ती सवयीप्रमाणे एक रंगतदार बनावट गोष्ट सुरू करते आणि हार्पी तिच्यावर झडप घालतात. इंग्रजीत ‘लायर’ म्हणजे खोटारडी. त्यांच्या किंकाळीत तिचे नाव आणि तिच्यावरचा आरोप एकच होऊन जातात. मग ती घाबरत घाबरत खरी गोष्ट सांगते. ऑक्सफर्डची मुले, चिखलाची ढेकळे, भट्टीवाल्यांच्या पोरांशी झालेली मारामारी. साधीच गोष्ट! पण पक्षिणी गप्प होऊन ऐकतात. हजारो वर्षे त्यांना फक्त पापे दिसण्याचे वरदान होते. खऱ्या आयुष्याचा वास त्यांना कोणी दिलाच नव्हता. तिथे करार होतो. यापुढे जो येईल त्याने आपल्या आयुष्याची खरी हकीकत सांगावी आणि हार्पींनी त्याला बाहेरच्या वाटेपर्यंत न्यावे. मात्र जो खोटे सांगेल, किंवा जगात राहूनही ज्याने काही पाहिले-ऐकले-शिकले नसेल, त्याला वाट नाही. सूट फक्त तान्ह्या बाळांना.

आता मुलांना मृत्यूविषयी सांगावे की नाही या आक्षेपाकडे वळू. आक्षेप घेणाऱ्यांनी कठोपनिषद आठवावे. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसणारा नचिकेता हा कुमार होता. यमाने गायी, हत्ती, सोने, दीर्घायुष्य देऊ केले. पोराने एकच हट्ट धरला: मेल्यावर माणूस उरतो की नाही, तेवढे सांगा. आपल्या परंपरेने हा प्रश्न एखाद्या पिकल्या केसांच्या ऋषीच्या तोंडी घातला नाही, मुलाच्या तोंडी घातला. याचे कारण उघड आहे. मोठ्या माणसांना या प्रश्नावर हात फिरवून पुढे जाण्याची सवय झालेली असते. मुलाला ती नसते. आजी गेल्यावर ‘देवाघरी गेली’ म्हणून आपण त्याची बोळवण करतो. पण ‘देवाचे घर कुठे आहे?’ हा त्याचा पुढचा प्रश्न ऐकण्यापूर्वीच आपण खोलीबाहेर पडलेलो असतो. पुलमन खोलीबाहेर पडत नाही, हे त्याचे पहिले श्रेय.

दुसरे श्रेय अधिक मोठे आहे. परलोकाची बहुतेक चित्रे हिशेबाची आहेत. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही, तिकडे दान्तेच्या नरकात पापाप्रमाणे नेमून दिलेली वर्तुळे. हिशेबात माणसाचे आयुष्य जमा आणि खर्च एवढेच उरते. पुलमन वही फाडतो आणि विचारतो: तू काय पाहिलेस? हा प्रश्न पुण्याच्या प्रश्नापेक्षा सोपा वाटतो, पण तसा नाही. पुण्य भीतीपोटीही करता येते. डोळे उघडे ठेवून जगणे भीतीपोटी करता येत नाही. हिशेबाच्या पलीकडे जाणारा एक क्षण महाभारतातही आहे, हे इथे सांगितले पाहिजे. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला स्वर्गात दुर्योधन दिसतो आणि नरकात आपली भावंडे. आपल्या जवळ असण्याने त्यांना दिलासा मिळतो हे कळताच तो तिथेच राहायचे ठरवतो. लायरा त्याच जातीची. आपली सुटका तिला पुरेशी वाटत नाही. सगळ्या मेलेल्यांसाठी वाट पाहिजे, असे ती म्हणते.

ती वाट विलचा सुरा कापतो. खिडकीतून बाहेर मोकळी हवा, गवत, रात्रीचे आकाश. भुते बाहेर पडतात आणि आनंदाने विरून जातात. पहिला रॉजर. त्यांचे कण वाऱ्यात, दवात, झाडापानांत मिसळतात. इथे विज्ञानकथेचे तिकीट काढून बसलेला वाचक विचारील, यात विज्ञान किती? माझे उत्तर: तपशिलात थोडे, वृत्तीत पुष्कळ. कादंबरीतली ‘डस्ट’ म्हणजे जाणीव असलेले कण; विश्वातील कृष्णद्रव्याशी लेखकाने त्याची सांगड घातली आहे. खऱ्या विज्ञानात कृष्णद्रव्य विश्वाच्या सुमारे २७ टक्के मानले जाते आणि तुमचे-आमचे साधे द्रव्य जेमतेम ५ टक्के. पण त्या द्रव्याला जाणीव असल्याचा पुरावा नाही. ते पुलमनचे कवित्व आहे. मात्र मेरी मलोन ही शास्त्रज्ञ बाई झाडाच्या रसाचे थरावर थर देऊन, चुकत, घासत, पुन्हा पाहत ती पिवळसर दुर्बीण तयार करते, ते प्रकरण विज्ञान म्हणजे काय हे अनेक क्रमिक पुस्तकांहून चांगले शिकवते. आणि कणांनी कणांत मिसळण्याची गोष्ट तर कल्पनाही नाही. आपल्या शरीरातला कार्बन, रक्तातले लोह ताऱ्यांच्या पोटात शिजले, हे १९५७ साली सविस्तर मांडणाऱ्या चौघांत फ्रेड हॉईल होते. आणि हॉईल हे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. विज्ञानकथा लिहिणाऱ्या त्याच नारळीकरांना २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. तेव्हा आपल्याकडेही हा निकाल लागलाच म्हणायचा!

कादंबरी निर्दोष आहे असे मात्र नाही. देवदूतांची युद्धे, चिमुकले हेर, चाकांवर धावणारे प्राणी अशी इतकी भरताड तिसऱ्या भागात झाली आहे की, मधली काही प्रकरणे दम खायला लावतात. धर्मसंस्थेवर लेखकाचा राग एवढा उघड आहे की, तिथे पात्रे बोलण्याऐवजी लेखकच बोलू लागतो. भुतांतला एक संन्यासी ‘हाच स्वर्ग आहे, श्रद्धा असेल त्याला दिसतो’ असे ओरडून सांगतो. त्याला जरा अधिक चांगला युक्तिवाद द्यायला हवा होता. दुबळ्या प्रतिपक्षाला हरवण्यात शौर्य नसते. २००७ साली पहिल्या भागावर चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेतील कॅथलिक लीगने त्यावर बहिष्काराचे आवाहन केले. याउलट कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमनशी जाहीर चर्चेला बसले. श्रद्धा कोणाची पक्की, हे सुज्ञास सांगणे न लगे.

माझा खरा वाद आहे तो हार्पींच्या अटीशी. ज्याच्यापाशी गोष्ट नाही त्याला वाट नाही, हा न्याय झाला का? ज्याला पोटामागे धावताना मान वर करण्याची फुरसत मिळाली नाही, जिचा जन्म चूल आणि पाळणा यांत गेला, त्यांनी काय सांगावे? पण इथेच मला आपले मराठी वाङ्मय लेखकाच्या मदतीला धावून येते असे वाटते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही असे समाज धरून चालला होता, त्यांच्याच गोष्टी ऐकताना आपण गप्प झालो. म्हणजे गोष्ट नव्हती असे नाही, ऐकणारा नव्हता. तेव्हा ती अट सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यावरही आहे. हार्पींनाही ऐकायला शिकावेच लागले!

मग प्रश्न उरतो आपला. आपल्यापाशी फुरसत आहे, ग्रंथालय आहे, डोळे आहेत. आपण काय सांगणार? ‘अमुक प्रकाशनाचे गाईड पाठ केले, अपेक्षित प्रश्नसंच सोडवला, वर्ग मिळाला.’ यावर कोणती हार्पी आपल्याला दारापर्यंत पोचवील? महाविद्यालयात कोणी गेले की आपण शोकसभा घेतो. दोन मिनिटे उभे राहतो, ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ म्हणतो आणि पुढच्या तासाला जाऊन बसतो. गेलेल्याची एखादी खरी हकीकत कोणी सांगत नाही: तो कसा हसे, कशावर चिडे, कोणत्या बाकावर बसे. माझी सूचना साधी आहे. त्या दोन मिनिटांना आणखी दहा मिनिटे जोडावीत आणि ज्याला जे आठवते ते त्याने खरेखुरे सांगावे. सद्गतीचे काय ते ईश्वर पाहील; आठवणीचे काम त्याच्यावर ढकलता येणार नाही.

कादंबरीच्या शेवटी असे कळते की, जगाजगांमधल्या खिडक्यांतून डस्ट गळून जात आहे आणि त्या सगळ्या बुजवल्या पाहिजेत. उघडी ठेवता येईल ती एकच. लायरा आणि विल तोवर प्रेमात पडलेले; दोघांची जगे वेगळी. ती एक खिडकी ते स्वतःसाठी ठेवू शकले असते. ती ते मेलेल्यांसाठी ठेवतात आणि आयुष्यभरासाठी एकमेकांना मुकतात. स्वर्गाचे आमिष नाही, नरकाची भीती नाही, कोणी वही घेऊन बसलेले नाही. तरीही मुले योग्य तेच करतात. परलोकाशिवाय नीती टिकणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी, आणि परलोक नसेल तर सगळेच चालते असे ज्यांना वाटते त्यांनीही, हे पुस्तक अवश्य वाचावे. वाचून झाल्यावर ते धाकट्या भावंडांच्या हाती द्यायला हरकत नाही. ती बहुधा आपल्यापेक्षा लवकर समजतील.