किल्ली आत, मालक बाहेर

जुन्नरहून पुण्या-मुंबईला इंद्रायणी तांदूळ पाठवायचा आमचा छोटा ऑनलाइन धंदा. मागे एकदा वेबसाइट दिवसभर बंद पडली. ऑर्डरी, पत्ते, फोन नंबर सगळं तिच्यातच. माल बांधून तयार, पण पाठवायचा कुणाला? अब्बांनी एवढंच विचारलं, "वही नाही ठेवली?"

हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशानं कंपनीची डेटा सेंटर जाळ्यापासून तुटली. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर, तीही अडकली. किल्ली आत, मालक बाहेर!

वेबसाइट बंद पडणं आपल्या हातात नाही, गिऱ्हाईक सांभाळणं आहे. नारायणगाव-मंचरच्या बाजारात कुणी अजून वहीत नाव-नंबर लिहीत असेल, तर त्याला हसू नका. मी आता रोज संध्याकाळी ऑर्डरी कागदावर उतरवतो. साइट अडली की आधी फोन करतो, "माल उद्या निघेल." गिऱ्हाईक उशीर माफ करतं, आपलं गप्प बसणं माफ करत नाही.